ज्याचे त्याचे अंगुळ

मराठीतला 'दोंद' आणि हिंदीतला 'तोंद' हे दोन्ही शब्द संस्कृतातल्या 'तुन्द' ह्या एकाच पोटातून निघाले. आम्ही माळव्यातली मराठी माणसे घरात एक आणि बाजारात दुसरा वापरतो, आणि कधी कधी घरातही दुसराच तोंडातून निसटतो. आपणही दुभाषी मुलखात राहणारे असल्याने ही सरमिसळ आपल्याला नवीन नसावी. मला कुतूहल आहे ते वेगळेच. दोन्ही भाषांत ह्या शब्दाभोवती हसू आहे, पण राग नाही. ढेरपोट्या शेटजी विनोदाचा विषय होतो, तिरस्काराचा नाही. उलट 'खात्यापित्या घरचा' आणि 'खाते-पीते घर का' हे दोन्हीकडे कौतुकाचेच बोल आहेत. लग्नानंतर मुलगा अंगाने भरला की सासूबाई समाधानाने सुस्कारा टाकतात, आणि गणपतीच्या मूर्तीला पोट नसेल तर कुंभाराला नाव ठेवले जाते.

ह्याचे कारण इतिहासात आहे. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००, ह्या वर्षीचा दुष्काळ माळव्यात 'छप्पनिया' म्हणून ओळखला जातो. ज्या भूमीला अन्नपाण्याची ददात नाही अशी ख्याती, तिथे माणसे अन्नान्न करून गेली. ज्या समाजाने असे साल पाहिले, त्याला पोटावरची चरबी ही कणगीतल्या धान्यासारखी वाटली तर नवल नाही. पोट म्हणजे साठा. आजचा प्रश्न असा की दुष्काळ सरला, साठा करण्याची सवय मात्र शरीराने सोडलेली नाही.

मी इतिहासाचा शिक्षक. वैद्यकाशी माझा संबंध औषधे घेण्यापुरता. तरीही ह्या विषयाकडे वळलो त्याला शाळेतल्या दोन गोष्टी कारण झाल्या. मागल्या वर्षी प्रार्थनेच्या वेळी दहावीतली एक मुलगी घेरी येऊन पडली. चौकशीत कळले की तिने दीड महिना सकाळचे खाणे सोडले होते, कारण आरशात तिला 'पोट दिसत होते'. ती मुळातच काडीसारखी. तिची आई माझ्यासमोर बसून रडली, आणि काय बोलावे ते मला पटकन सुचेना. त्याच सुमारास बारावीतला एक मुलगा क्लासच्या फीचे पैसे कुठल्याशा भुकटीच्या डब्यात घालवून बसला, कारण त्याला तीन महिन्यांत पोटावर सहा वड्या पाडायच्या होत्या. एकीकडे हे, आणि दुसरीकडे शिक्षकांच्या खोलीत खुर्चीचे हात पोटाला लागतात असे आम्ही प्रौढ. दोघांनाही शरीराचे माप नीट माहीत नाही असे वाटले. मग मी माझ्या परीने मागे पाहू लागलो की आपल्याकडे हे माप होते तरी काय.

पहिला धागा आमच्या शेजारच्या उज्जैनीत सापडतो. अवंतीचा वराहमिहिर, सहाव्या शतकातला. त्याच्या 'बृहत्संहिते'त पाच उत्तम पुरुषांची लक्षणे आहेत : हंस, शश, रुचक, भद्र आणि मालव्य. हंसाची उंची ९६ अंगुळे, आणि पुढे प्रत्येकाची तीन तीन अंगुळांनी वाढत मालव्याची १०८. ह्या मालव्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचणारे, सांधे मांसाने भरलेले आणि कंबर मात्र बारीक. आमच्या माळव्याच्या नावाची छाप असलेला आदर्श पुरुष बारीक कंबरेचा निघावा, ही गोष्ट इंदूरच्या सराफ्यात रात्री बारा वाजता उभे राहून आठवली की हसू येते. आणखी एक गंमत. दोन्ही हात पसरले असता जेवढे अंतर होते त्याला वराहमिहिर तिथे 'व्यायाम' म्हणतो. आपण ज्याला आज व्यायाम म्हणतो त्या शब्दाच्या मुळाशी अंग ताणणे आहे, घाम नव्हे.

महत्त्वाचे आहे ते 'अंगुळ'. आपल्या वैद्यकाने हे माप कुणा राजाच्या बोटावरून घेतलेले नाही. चरकाच्या विमानस्थानात शरीराच्या अवयवांची मापे दिली आहेत ती ज्याच्या त्याच्या स्वतःच्या अंगुळांनी. सबंध शरीर ८४ अंगुळे, आणि हात पसरले असता रुंदीही तेवढीच. सुश्रुताचा आकडा वेगळा आहे, पण तत्त्व तेच. म्हणजे साडेचार फुटांची बाई आणि सहा फुटांचा पुरुष, दोघांनाही आपापल्या बोटांनीच मोजायचे. शेजाऱ्याच्या बोटांनी नाही. हा विचार मला फार मोठा वाटतो.

आमचे धार म्हटले की भोजाचे नाव येणारच. अकराव्या शतकातला हा परमार राजा. पातंजल योगसूत्रांवरची 'राजमार्तण्ड' ही वृत्ती त्याची, आणि 'चारुचर्या' नावाचा दिनचर्येवरचा ग्रंथही त्याच्या नावावर चालतो. पहाटे उठणे, दात घासणे, अभ्यंग, व्यायाम, स्नान, भोजन असा त्याचा विषय. पूर्वीच्या आपल्या ग्रंथांत व्यायाम हा असा दिनचर्येत येतो, तेल लावणे आणि आंघोळ ह्यांच्या शेजारी बसून. तो वेगळा पराक्रम नव्हता. व्यायाम किती करावा ह्याबाबत वाग्भटादी ग्रंथकार सांगतात की अर्ध्या शक्तीइतका. कपाळावर, काखेत घाम आला, तोंडाने श्वास घ्यावासा वाटू लागला की थांबावे. आज जो तो 'शेवटच्या थेंबापर्यंत' म्हणत असतो त्याला हे आळशीपणाचे वाटेल.

पण चरबीविषयी सर्वांत सविस्तर लिहिले आहे ते चरकाने, सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात. त्याचे नाव 'अष्टौनिन्दितीय', म्हणजे लोक ज्यांना नावे ठेवतात अशा आठ जणांविषयीचा अध्याय. अति उंच, अति ठेंगणा, अति केसाळ, केसच नसलेला, अति काळा, अति गोरा, अति लठ्ठ आणि अति रोड. ह्या यादीत अति गोराही आहे, हे लग्नाच्या जाहिराती देणाऱ्यांनी अवश्य वाचावे. ह्या आठांतल्या पहिल्या सहांबद्दल चरक फार बोलत नाही, कारण त्यांचे काही करता येत नाही. राहिलेल्या दोघांचा मात्र तो विचार करतो. लठ्ठ कोण? ज्याचे नितंब, पोट आणि स्तन मेदमांस वाढल्यामुळे चालताना हलतात, आणि वाढीच्या मानाने ज्याच्या अंगात उत्साह नाही, तो. त्याचे आठ दोष : आयुष्य कमी, हालचाल मंद, मैथुनात अडचण, दुबळेपणा, अंगाला दुर्गंधी, घाम फार, भूक फार आणि तहान फार.

ह्यातला 'भूक फार' हा दोष पाहावा. चरक म्हणतो की मेदाने वाटा अडल्या की वायू कोठ्यातच फिरतो, अग्नीला फुंकर घालतो, खाल्लेले लवकर जिरते आणि माणूस पुन्हा खायला मागतो. वणवा जसा रान जाळतो तसे हे दोघे त्या माणसाला जाळतात. उपपत्ती आजची नाही हे उघडच आहे. पण लठ्ठ माणूस लोभी म्हणून खातो असे चरक म्हणत नाही, त्याला खरोखरच भूक लागते असे म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वैद्याला जी गोष्ट कळली ती आमच्या लग्नाच्या पंगतीत टिंगल करणाऱ्या काकांना अजून कळलेली नाही. चरकाने असेही सांगून ठेवले आहे की लठ्ठ आणि रोड ह्यांत रोड बरा, कारण लठ्ठपणा उतरवणे अधिक कठीण. लठ्ठाला भूक मारणारे, पण पोषण थोडे करणारे जड अन्न द्यावे. त्याच्या यादीत जव आहेत, मूग आहेत, हुलगे आहेत, आवळा आहे, आणि भाष्यकार जोंधळा समजतात असे एक धान्यही आहे. जागरण, व्यायाम आणि बुद्धीचे श्रम वाढवावेत, आणि तेही क्रमाक्रमाने. हा 'क्रमाने' शब्द त्याने विसरू दिलेला नाही.

पैलवानांचा मार्ग ह्याहून निराळा. आपल्या सीमाभागातल्या वाचकांना बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण ठाऊक असेलच. तिथला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बाराव्या शतकातला. त्याच्या 'मानसोल्लासा'त मल्लांची वयावरून, बळावरून, कौशल्यावरून वर्गवारी आहे, आणि त्यांना राजाने डाळी, मांस, दूध, साखर, मिठाई पुरवावी असे म्हटले आहे. हा खुराक मातीत जिरवण्यासाठी होता. तालीम सुटली आणि खुराक राहिला की काय होते, हे आपण प्रत्येक गावात एखाद्या निवृत्त वस्तादाच्या रूपाने पाहिलेले आहे.

धारचा ह्या तालमींच्या इतिहासाशी एक आडवळणाचा संबंध आहे. राघोबादादांनी गरोदर आनंदीबाईंना पवारांच्या आश्रयाला इथल्या किल्ल्यात ठेवले होते, आणि १० जानेवारी १७७५ रोजी दुसरे बाजीराव ह्याच किल्ल्यात जन्मले. राज्यकर्ता म्हणून त्यांची जी अपकीर्ती झाली ती झाली. पण त्यांच्याच पदरी बाळंभटदादा देवधर होते, ज्यांना मल्लखांबाचे पुनरुज्जीवक मानतात. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब ह्या दोन पैलवानांनी पुण्यात आव्हान दिले, तेव्हा बाळंभटांनी मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीवर जाऊन तप केले आणि मल्लखांबावर तयार होऊन परत आले, अशी परंपरा आहे. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट शिल्लक राहते. दांडगट प्रतिस्पर्ध्यापुढे त्याच्याइतके दांडगे होण्याचा नाद न धरता ह्या सडपातळ परंपरेने चपळाईचा मार्ग घेतला. १८१८ नंतर बाजीराव बिठूरला गेले आणि ही विद्या तिकडेही पोचली.

मग विसाव्या शतकाच्या तोंडाशी छायाचित्र आले, आणि सगळेच बदलले. यूजेन सँडो हा प्रशियात जन्मलेला बलवान. लंडनच्या रंगमंचावर त्याने नाव काढले. त्याचे उघड्या अंगाचे फोटो, पुस्तके, लवचीक पट्ट्यांची आणि डंबेल्सची साधने जगभर टपालाने जाऊ लागली. १९०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. आता माणसापुढे आदर्श आला तो स्वतःच्या अंगुळांचा नव्हे, दुसऱ्याच्या फोटोचा. प्रकाश कुठून घ्यावा, श्वास कधी रोखावा, हे जाणणाऱ्याने काढलेला तो एका क्षणाचा फोटो. माझ्या बारावीतल्या मुलाने ज्या चित्रापायी पैसे घालवले त्याचे आजोबा ते हेच.

औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे ह्या लाटेत सापडलेले एक मराठी संस्थानिक. जन्म १८६८ चा, गादी १९०९ पासून. स्वतः चित्रकार. १८९७ च्या सुमारास त्यांनी सँडोची साधने आणि पुस्तके मागवली आणि जवळजवळ दहा वर्षे निष्ठेने तो व्यायाम केला. नंतर मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे नियमाने वळले, आणि मग मात्र त्यांनी तेच धरून ठेवले. औंध संस्थानच्या शाळांतून नमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तके लिहिली. १९३८ मध्ये लंडनहून त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले. त्यांच्या काही दाव्यांवर आजचा डॉक्टर मान डोलावणार नाही. नमस्कारांनी सर्व रोग दूर राहतात असा उत्साह त्या काळाला साजेसा होता. पण साधनांची पेटी बंद करून, जिला एका चटईपलीकडे काही लागत नाही अशी पद्धत त्यांनी राजापासून शाळकरी पोरापर्यंत सर्वांना एकच दिली, ह्याचे मोल मी कमी मानत नाही. बायकांनाही त्यांनी ह्यात घेतले, आणि तेही त्या काळात.

आता आजच्या विज्ञानाकडे येतो. इथेही मराठी माणसाचे नाव पुढे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोन मित्रांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. दिसायलाही दोघे सारखेच बारीक. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ह्यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण वरून बारीक आणि आतून मेदस्वी असतो. ह्याची सुरुवात आईच्या पोटातच होते, असे पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या याज्ञिकांच्या अभ्यासातून दिसले. तिथली बाळे वजनाने कमी, पण अंगावरचे स्नायू रोडावलेले असूनही चरबी मात्र बऱ्यापैकी राखलेली. छप्पनियाची आठवण शरीर कशी जपते ते आता कळते आहे. म्हणून तर आपल्या लोकांसाठी वैद्यांनी कंबरेची मर्यादा कमी धरली : पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०.

दोन भ्रम मात्र ह्या लेखात मोडून टाकतो. पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी जाते हा पहिला. १९८४ मध्ये अमेरिकेत तेरा पुरुषांकडून २७ दिवसांत प्रत्येकी पाच हजारांवर पोटाच्या बैठका काढून घेतल्या. चरबीच्या पेशी पोटाच्या, पाठीच्या आणि नितंबांच्या सारख्याच आक्रसल्या. शरीर चरबी काढते ते आपल्या हिशेबाने, आपण दाखवू त्या जागेवरून नाही. कंबरेला पट्टे बांधून घाम काढणारे आपले पैसे घामाबरोबर घालवतात. दुसरा भ्रम म्हणजे वजन उतरले नाही तर सगळे फुकट गेले. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन ह्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी नुसते चालणे वाढवले आणि खाण्यात पथ्य पाळले, त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी राहिले, आणि त्यांचे सरासरी वजन मात्र फारसे हललेच नव्हते. काटा गप्प राहिला तरी आत काम चालू असते.

ह्याचा अर्थ आमच्या माळव्यात काय करायचे? सकाळी पोहे-जिलबी, रविवारी तुपात बुडवलेले बाफले, संध्याकाळी शेव घातल्याशिवाय कशालाच चव नाही. हे सोडा असे मी कुणाला सांगणार नाही, सांगितले तरी कोणी ऐकणार नाही. बाफले हे शेतावर राबणाऱ्याचे अन्न होते, ते दुकानात बसणाऱ्याने रोज खाऊ नये इतकेच. महिन्यातून एकदा चार खाण्याऐवजी दोन खावेत आणि डाळ वाढवून घ्यावी. शेव मुठीने नव्हे, चिमटीने. बाळंतपणानंतर सुटलेल्या पोटाबद्दल सुनांना जे ऐकवले जाते ते तर घरातल्यांनी बंदच करावे. नऊ महिन्यांत आलेले नऊ आठवड्यांत जात नाही.

देवासचे नाव घेतले की मला एक वेगळे शरीर आठवते. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकाळीमठ, म्हणजे कुमार गंधर्व, १९४८ मध्ये क्षयाने ग्रासलेले देवासला आले, इथल्या कोरड्या हवेसाठी. काही वर्षे अंथरुणावर गेली. गाणे बंद. १९५२ च्या सुमारास ते बरे झाले तेव्हा एक फुप्फुस कामातून गेले होते. पूर्वीचा दमसास परत येणार नव्हता. अनेक जाणकार लिहितात की त्यांनी आपल्या उरलेल्या श्वासाच्या मापाने गायकी बसवली, छोट्या छोट्या, चमकून जाणाऱ्या आकृतींची. अंथरुणावर असताना ऐकलेली माळवी लोकगीतेही तिच्यात आली. १९९२ मध्ये ते गेले तोवर त्यांच्याकडे श्वास कमी आहे असे कोणा श्रोत्याला वाटले नसावे. ह्यात पोटाचा काय संबंध, असे कोणी विचारील. माझ्या मते आहे, पण तो मी समजावीत बसत नाही.

त्यांच्या घराजवळूनच माता टेकडीची वाट जाते. पहाटे तिथे जी माणसे चढताना दिसतात त्यांत सहा वड्यांवाला एकही नसतो. चप्पल घातलेले कारकून, पदर खोचलेल्या बायका, दर वळणावर थांबून गप्पा मारणारी म्हातारी मंडळी. चरकाचे 'क्रमाने' आणि वाग्भटाचे 'अर्ध्या शक्तीने' पाहायचे असेल तर तिथे पाहावे.

ह्या जूनपासून आम्ही शाळेत एक साधा उद्योग सुरू केला. प्रत्येक मुलाने सुतळीचा तुकडा घ्यायचा, आपल्या उंचीइतका कापायचा, दुमडून निम्मा करायचा आणि कंबरेभोवती गुंडाळायचा. टोके भेटली की झाले. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा आजचा वैद्यकीय ठोकताळा, आणि चरकाच्या स्वतःच्या अंगुळाच्या फार जवळचा. त्या दहावीतल्या मुलीची टोके भेटून वर वीतभर उरली. ती बराच वेळ सुतळीकडे पाहत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिने डब्यातली पोळी संपवली असे तिच्या वर्गशिक्षिका सांगत होत्या. मग मुलांनी सुतळी शिक्षकांच्या खोलीत आणली. अर्ध्याहून अधिक जणांची टोके भेटली नाहीत, आणि आमच्या संस्कृतच्या बाईंनी ती सुतळीच आखूड कापली आहे असा आक्षेप घेतला. शिपायाची मात्र सहज भेटली. तो रोज सायकलने आठ किलोमीटर येतो. माझी जूनमध्ये चार बोटे कमी पडत होती, नवरात्रात अडीच पडली. बोटे अर्थातच माझी.